न दाखवलेला सहावा भाग

डेल्मर टूमी कार्पेट विकायचा. शर्मन वे रस्त्यावर त्याचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं, कपडे धुण्याच्या यंत्रांचं. घरंही आमची रेसीडा नावाच्या उपनगरातल्या एकाच गल्लीत. त्यामुळे त्याचं पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं. जे पाहिलं नाही ते माझ्या दुकानात कपडे वाळायची वाट बघत बसलेल्या बायकांनी सांगितलं. बातम्यांच्या बाबतीत या बायका टीव्हीपेक्षा भरवशाच्या होत्या.

डेल्मर साठीला टेकलेला. अंगाने भरदार, केस पांढरे, भुवया त्याहून पांढऱ्या आणि झुडपासारख्या. गाल जड, जरासे खाली ओघळलेले. तो गप्प बसला की बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कसला तरी खोल विचार करतोय. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा जेवणाचा विचार करत असायचा. हे त्याच्या बायकोचं, लॉरेनचं म्हणणं. लॉरेन एका दंतवैद्याकडे स्वागताच्या टेबलावर होती. दिवसभर घाबरलेल्या लोकांशी गोड बोलून ती घरी यायची, त्यामुळे घरात वापरायला गोडवा काही उरायचा नाही.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात बरबँकच्या एका स्टुडिओतून डेल्मरला बोलावणं आलं. ‘केस्ट्रल काउंटी’ नावाची नवी मालिका येणार होती. लहानसं गाव, तिथलं कोर्ट, एक तडफदार वकीलबाई, तिचा दारू सोडलेला भाऊ, असा सगळा मामला. जजच्या दालनात गडद हिरवं कार्पेट हवं होतं. डेल्मरने ते बसवलं आणि गुडघे दुखायला लागले म्हणून समोरच्याच खुर्चीत टेकला. ती खुर्ची जजची होती.

त्याच वेळी दिग्दर्शक आत आला. जजच्या कामासाठी ठरवलेल्या नटाशी वाद घालून तो वैतागला होता. तो नट नाट्यशाळेत शिकलेला. “जजला न्याय का हवाय? लहानपणी याच्या मनाला कोणती जखम झाली?” असं तो आठवडाभर विचारत होता, आणि त्याच्या वाट्याची वाक्यं तर दोनच होती.

“खुर्चीत कोण बसलंय?” दिग्दर्शकाने विचारलं.

“कार्पेटवाला, सर. उठवतो त्याला.”

“अजिबात उठवू नका. काय हो, तुमच्या डोक्यात आत्ता काय चाललंय?”

“काही नाही,” डेल्मर म्हणाला. खरंच काही चाललं नव्हतं.

“वा!” दिग्दर्शक म्हणाला. “हेच तर मी आठवडाभर त्या माणसाला सांगतोय.”

असा आमचा डेल्मर जज झाला. त्याला दोन वाक्यं होती: ‘हरकत मान्य’ आणि ‘हरकत फेटाळली’. कोणतं कधी म्हणायचं ते कॅमेऱ्यामागून एक मुलगी बोट वर किंवा खाली करून सांगायची. खटला कशाचा, आरोपी कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. दृश्यं उलटसुलट क्रमाने चित्रित व्हायची आणि त्याच्या हातात फक्त त्याचीच पानं पडायची. पण कॅमेरा त्याच्यावर आला की भुवया आपोआप गंभीर व्हायच्या.

पहिला भाग गुरुवारी लागला. अख्खी गल्ली टूमींच्या दिवाणखान्यात जमली. लॉरेनने चिप्स आणि कांद्याची चटणी ठेवली होती. समोरच्या आर्पिने कसाबियनबाई चीज भरलेले खुसखुशीत बोरेक घेऊन आल्या. त्यांच्या शेजारचा नुन्झियो लाटेर्झा आपल्या हातची लिंबाची दारू घेऊन आला. नुन्झियोने आयुष्यभर पावाची गाडी चालवली होती आणि निवृत्तीनंतर त्याला भांडणाशिवाय दुसरा उद्योग नव्हता. ती लिंबं आर्पिनेबाईंच्या झाडाची होती हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ती बाटली मधे ठेवताना सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

मालिका कंटाळवाणी होती. वकीलबाई पावसात उभी राहून रडली, मग कोर्टात येऊन रडली, मग भावाला ओरडली. अचानक पडदाभर डेल्मरचा चेहरा आला. त्याने वकीलबाईकडे पाहिलं, थांबला, आणखी थांबला आणि म्हणाला, “हरकत मान्य.”

आम्ही टाळ्या पिटल्या. नुन्झियोने डोळे पुसले. लॉरेन म्हणाली, “लग्न झाल्यापासून घरात माझी एक हरकत मान्य झाली नाही. तिथे अनोळखी बाईची पहिल्या फटक्यात मान्य!”

दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. मालिका ओल्या गादीसारखी जड आहे, असं त्यात लिहिलं होतं. ‘फक्त जजच तेवढा मनाने दुसरीकडे कुठेतरी असल्यासारखा वाटतो, आणि आपल्याला त्याचा हेवा वाटतो.’ डेल्मरने ‘गादी’च्या खालून कात्री चालवली आणि उरलेलं वाक्य गल्ल्याच्या वर चिकटवलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण त्यानंतर डेल्मर बदलायला लागला. तो सावकाश बोलायला लागला. “कसा आहेस?” असं विचारलं तरी तो आधी डोळे मिटायचा. दुकानात एखादं जोडपं बेज घ्यावं की राखाडी यावर भांडायला लागलं की तो हात वर करायचा, दोघांची बाजू ऐकून घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचा आणि म्हणायचा, “बेज.” जोडप्याच्या खांद्यावरचं ओझं उतरायचं. पूर्वी माप घेऊन ‘विचार करून सांगतो’ म्हणत निघून जाणारी माणसं आता निकाल लागल्यासारखी खाली मान घालून कार्पेट घेऊन जाऊ लागली.

मग एका शनिवारी आर्पिनेबाई आणि नुन्झियो त्याच्या गॅरेजमध्ये गेले. मीही गेलो, कारण असं काही चुकवणारा मी नव्हे. वाद जुनाच होता. बाईंच्या लिंबाची फांदी कुंपणावरून नुन्झियोच्या अंगणात उतरली होती. लिंबं त्याच्या गाडीवर पडायची. गाडी खराब होते म्हणून तो भांडायचा आणि पडलेली लिंबं मात्र गोळा करून त्याची दारू करायचा.

“टूमीसाहेब, झाड माझं, मुळं माझ्या जमिनीत, पाणी माझं,” बाई म्हणाल्या. “आणि हा माणूस माझ्याच लिंबाची दारू मलाच नाताळात भेट देतो. वर म्हणतो, घरची आहे!”

“हवा माझी आहे की नाही?” नुन्झियो म्हणाला. “लिंबू माझ्या हवेत लटकतंय. मी भाडं मागितलंय का?”

डेल्मर कार्पेटच्या गुंडाळीवर बसला होता. त्याने डोळे मिटले. इतका वेळ मिटले की तो झोपला असावा अशी मला शंका आली. मग तो म्हणाला, “फांदी राहील. लिंबं निम्मी निम्मी. गाडी दुसऱ्या बाजूला लावायची.”

“पण...” नुन्झियो म्हणाला.

“फेटाळली.”

आणि काय आश्चर्य, नुन्झियो गप्प घरी गेला आणि त्याने गाडी दुसऱ्या बाजूला लावली. संध्याकाळी मी डेल्मरला विचारलं, “याबाबत कायदा काय म्हणतो रे?” तो म्हणाला, “कसला कायदा?”

त्यानंतर गॅरेजसमोर रांगच लागायला लागली. कोणाचा कुत्रा पहाटे भुंकतो, कोणी नेलेली शिडी परत देत नाही, कोणाच्या मुलीने कोणत्या आडनावाच्या मुलाशी लग्न करावं, सगळं तिथे यायला लागलं. सरकारी कोर्टात वकील लागतो, पार्किंग मिळत नाही आणि जज ओळखीचा नसतो. इथला जज दर गुरुवारी टीव्हीवर दिसायचा.

मालिकेला मात्र बरे दिवस नव्हते. बघणारी माणसं आठवड्यागणिक कमी होत होती आणि आमच्या गल्लीत ती भरून काढण्याइतकी घरं नव्हती. वाहिनीने पहिला उपाय म्हणून वकीलबाईला कुत्रा दिला. मग भावाला परत दारू सुरू करायला लावली. मग मालिका गुरुवारवरून उचलून शनिवारी टाकली, जेव्हा माणसं घराबाहेर असतात. तरीही कोणी बघेना, तेव्हा त्यांनी पाचवा भाग लिहून घेतला.

त्या शनिवारी आम्ही नेहमीसारखे टूमींकडे जमलो. शेवटच्या जाहिरातीनंतर जज आपल्या दालनात एकटा बसलेला दिसला. त्याने टेबलाचा खण उघडला. आत एक जाडजूड पाकीट होतं. त्याने ते हातात घेतलं, आत डोकावला, जरासं नाक मुरडलं आणि खण बंद केला. मग गावातला बदमाश बिल्डर बाहेर गाडीत बसून हसताना दाखवला. भाग संपला.

आर्पिनेबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

“डेल्मर,” नुन्झियो उभा राहत म्हणाला, “तू पैसे घेतलेस.”

“अरे, मालिकेत! आणि तेव्हा मला कुठे माहीत होतं?” डेल्मर कळवळून म्हणाला. “मी दिग्दर्शकाला विचारलं होतं, पाकिटात काय आहे. तो म्हणाला, तुम्हाला वाटेल ते. मला वाटलं विजेचं बिल.”

“बघा! लाचेकडे विजेच्या बिलासारखं बघतोय!” नुन्झियो सगळ्यांकडे वळून म्हणाला. “म्हणजे सवय किती जुनी असेल! आणि आठवा जरा. लिंबाच्या निकालाच्या आदल्या दिवशी या बाई याच्या दारात झाकलेलं ताट घेऊन गेल्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं. बकलावा होता.”

“बकलावा मी सगळ्यांना देते!” आर्पिनेबाई ओरडल्या.

“मला नाही दिलात.”

“तुम्ही माझी लिंबं चोरता म्हणून नाही दिला!”

“बघा, कबूल केलं. देताना माणूस बघून देतात.”

लॉरेन स्वयंपाकघरातून म्हणाली, “तो बकलावा मी खाल्ला. याच्या वाट्याला एक तुकडा आला. एका तुकड्यात कसला निकाल फिरणार?” पण तिचं कोणी ऐकलं नाही.

सोमवारी डेल्मरच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बेज सुचवल्यावर त्याने विचारलं, “बेजमध्ये तुम्हाला काही सुटतं का?” डेल्मरच्या निकालानंतर परत केलेली शिडी शिडीवाल्याने पुन्हा आपल्या अंगणात नेली. नुन्झियोने तर त्याच्या बाजूची सगळी लिंबं उतरवली, कच्चीसुद्धा, आणि गाडी मूळ जागी आणून लावली. माझ्या दुकानातल्या बायका म्हणायच्या, “मला आधीपासून वाटायचंच. इतक्या भुवया असलेला माणूस काहीतरी लपवत असणारच.”

डेल्मर आधी शांत होता, कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती. सहावा भाग चित्रित होऊन तयार होता. त्यात जज निर्दोष निघतो. बिल्डरला पकडायचा सापळा त्यानेच शेरीफला सांगून लावलेला असतो. त्या भागात डेल्मरला भर कोर्टात मोठं भाषण होतं, आयुष्यातलं पहिलं. पाठ करून घेताना लॉरेन रोज रात्री जेवणाच्या टेबलावर समोर कागद धरून बसली होती. तो गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगत होता, “शनिवारी बघा. शनिवारी सगळं कळेल.”

शनिवारी टूमींकडे फारसं कोणी आलं नाही. मी, आर्पिनेबाई आणि दाराशी हाताची घडी घालून उभा असलेला नुन्झियो. ठरल्या वेळी टीव्ही लावला तर बर्फावर घसरत नाचणाऱ्या जोड्या. डेल्मरने दुसरी वाहिनी लावून पाहिली, परत पहिली लावली. बर्फच होता. ‘केस्ट्रल काउंटी’ बंद झाली होती. पुढे वकीलबाईचं काय झालं, भावाचं काय झालं, कुत्रा कोणाकडे गेला, काही नाही. नुन्झियो न बोलता निघून गेला. ते त्याच्या शिव्यांपेक्षा वाईट होतं.

“सहाव्या भागात मी निर्दोष आहे,” डेल्मर दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाला.

“तुरुंगात सगळेच असं म्हणतात,” नुन्झियो म्हणाला.

एका दुपारी डेल्मर माझ्या दुकानात आला. यंत्रं गरगरत होती. तो मधोमध उभा राहिला आणि त्याने सहाव्या भागातलं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. अगदी ‘न्याय विकत मिळत असता तर या गावात तो कधीच संपला असता’ या शेवटच्या वाक्यासकट. खरं सांगतो, त्याने ते मनापासून म्हटलं. बायकांनी ऐकून घेतलं. मग चादरीची घडी घालत एकजण म्हणाली, “भाषण चांगलं आहे हो. पण मग दाखवलं का नाही? काहीतरी असेलच ना.”

शेवटी तो वाहिनीच्या कचेरीत जायला निघाला. एकटा नको म्हणून मी गाडी चालवली. बराच वेळ बसवून ठेवल्यावर एक तरुण साहेब भेटला. त्याच्या खोलीत टेबल काचेचं होतं, खण नव्हतेच. डेल्मरने ते लगेच टिपलं.

“सहावा भाग एकदा दाखवा,” डेल्मर म्हणाला. “कधीही. दुपारी दाखवा. पहाटे दाखवा. गल्लीला मी उठवतो.”

“मिस्टर टूमी, तुमचं काम सुंदर होतं,” साहेब म्हणाला. “आम्ही प्रेक्षकांची पाहणी केली. सगळ्या मालिकेत लोकांचा विश्वास फक्त तुमच्यावर होता.”

“मग मला लाच का खायला लावलीत?”

“त्याचसाठी! ज्याच्यावर विश्वास नाही त्याने लाच खाल्ली तर धक्का कोणाला बसेल?”

“पण मी निर्दोष निघतो ना पुढे.”

साहेबाने खेदाने मान हलवली. “तेही दाखवून पाहिलं आम्ही, निवडक लोकांना. निर्दोष कोणाला आवडला नाही. फसल्यासारखं वाटलं म्हणाले.”

निघताना त्याने डेल्मरला मालिकेचं नाव छापलेली टोपी दिली. घरी येईपर्यंत डेल्मरने ती मांडीवर धरली होती. घातली नाही आणि टाकलीही नाही.

त्यानंतर तो खचला. न्हाव्याकडे जाऊन त्याने भुवया बारीक करून घेतल्या. त्या गेल्यावर तो एकदम कोणीही दिसायला लागला. गिऱ्हाईकाने बेज की राखाडी विचारलं तर म्हणायचा, “तुमचं तुम्ही बघा.” गॅरेजचं दार बंद झालं.

लॉरेनने एक दिवस त्याला समोर बसवलं. ही गोष्ट तिनेच मला सांगितली. ती त्याला म्हणाली, “हे बघ डेल्मर, इतकी वर्षं मी तुझ्याबरोबर काढली. लाच घेण्याइतकी अक्कल तुला नाही. आणि कोणी तुला लाच द्यावी इतकं महत्त्वाचं काम तुझ्या हातात कधी नव्हतंच. तेव्हा तू स्वच्छ आहेस हे मला पाकीट न उघडता माहीत आहे.” डेल्मरने, कितीतरी दिवसांनी, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या बाईचं प्रेम असंच यायचं, दाढ काढल्यासारखं. पण नंतर आराम पडायचा.

वर्ष गेलं. दुसरंही निम्मं गेलं. एका रविवारी सकाळी डेल्मर माझ्या घरी जिन्यावर कार्पेट बसवत होता. तेवढ्यात नुन्झियो दार न वाजवताच आत आला. अंगात कोट होता, हातात हॅट. चर्चमधून आला असावा असं वाटलं, पण तो चर्चला जायचा नाही.

“डेल्मर,” तो म्हणाला, “तू निर्दोष आहेस.”

डेल्मरच्या तोंडात खिळे होते. त्याने ते एकेक करून काढले. “तुला कोणी सांगितलं?”

“माझ्या बहिणीने. इटलीतून, बारीहून फोन होता आत्ता.”

झालं असं होतं, की आमच्याकडे मेलेली मालिका कोणीतरी इटलीतल्या एका वाहिनीला स्वस्तात विकली होती. तिथे ती रोज दुपारी लागत होती, इटालियन आवाज घालून, पाचही भाग आणि सहावासुद्धा. नुन्झियोची विधवा बहीण ती बघत होती. भावाच्या गल्लीतला जज म्हणून तिने शेजारणींनाही बोलावलं होतं.

“पाकीट बघून तिने तुला खूप शिव्या घातल्या,” नुन्झियो म्हणाला. “मग काल तुझं भाषण झालं. सगळ्या बायका रडल्या. खालच्या मजल्यावरचा खाटीक रडला. ती मला म्हणाली, नुन्झियो, अशा माणसाशी तू बोलत नाहीस? लाज वाटत नाही?” त्याने हॅट छातीशी धरली. “मला वाटते, डेल्मर.”

डेल्मर जिन्याच्या पायरीवर बसला. मला वाटलं, आता हा रडणार. पण तो म्हणाला, “इटालियन आवाज म्हणजे? माझा आवाज नव्हता?”

“नाही. तिथल्या कोणा नटाचा. फार खोल आवाज आहे म्हणे. विहिरीतून आल्यासारखा.”

“माझ्यापेक्षा खोल?”

नुन्झियो माझ्याकडे बघायला लागला. मी जिन्याकडे बघायला लागलो.

“भाषण मी रात्र रात्र पाठ केलं,” डेल्मर म्हणाला. “आणि बायका रडल्या दुसऱ्याच्या आवाजावर.”

त्याची समजूत काढायला नुन्झियोने जी युक्ती काढली ती त्यालाच शोभणारी होती. पुढच्या रविवारी त्याने आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं, आर्पिनेबाईंनासुद्धा. गल्लीत बातमी आधीच फिरली होती. शिडीवाला येऊन डेल्मरशी हात मिळवून गेला. जेवण सुरू व्हायच्या आधी नुन्झियोने बारीला फोन लावला, बहिणीशी चार वाक्यं इटालियनमध्ये बोलला आणि फोन डेल्मरच्या हातात दिला. “बोल. तिला खरा आवाज ऐकू दे.”

डेल्मर उभा राहिला. त्याने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि भाषणातला शेवटचा परिच्छेद म्हटला, सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबून. भुवया एव्हाना परत वाढल्या होत्या. आर्पिनेबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. लॉरेनचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, तिलाही ते अजून पाठ होतं. म्हणून झाल्यावर तो फोन कानाला लावून थांबला. पलीकडून बाई भरभर काहीतरी बोलत होती. त्याला त्यातलं काही कळेना, म्हणून त्याने फोन नुन्झियोकडे दिला.

नुन्झियोने ऐकलं. “सी, सी,” म्हणाला. मग त्याने फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि उगाच सॉसच्या भांड्याकडे बघत राहिला.

“काय म्हणतात बाई?” डेल्मरने विचारलं.

“आभारी आहे म्हणते,” नुन्झियो म्हणाला. “आणि म्हणते, आता जजसाहेबांना फोन दे.”